तीन मोड आणि आत्याचे कान

आमच्या कॅमेऱ्याच्या चकतीवर सी-वन म्हणजे माझी आत्या आहे.

सी-टू म्हणजे आत्याचा मुलगा मिलिंद आणि सी-थ्री म्हणजे मिलिंदची मुलगी प्रज्ञा. (मिलिंदची बायको आशा कुठंही, कशीही उभी राहिली तरी तिचा फोटो चांगलाच येतो. तिला मोड लागला नाही. अशी माणसं घरात एखादीच असतात.) कॅमेऱ्यासोबतच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं की, या तीन जागा वेगवेगळ्या प्रसंगांसाठी आहेत, लग्न, खेळाचं मैदान, निसर्ग अशा प्रसंगांच्या सेटिंग्ज एकदाच करून साठवून ठेवाव्यात. मी ते वाचलं होतं. पण मी नांदेडच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळणारा माणूस. बाटलीवर चिठ्ठी लावायची ती आतल्या पदार्थाची, प्रयोगाची नव्हे, ही माझी पंचवीस वर्षांची सवय! आणि आमच्या घरात मैदान किंवा निसर्ग यांचा त्रास कधीच नव्हता. त्रास होता तो माणसांचा.

आमच्या गल्लीत स्टुडिओ चालवणाऱ्या रफीकभाईंना मी मोठ्या अभिमानानं चकती दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, चकती बघितली, माझ्याकडे बघितलं.

"सुधाकरभाऊ, इथं मौका लिहितात. शादी, स्टेज, फॉर्मचा फोटो. तुम्ही तर पूरं खानदान लिहून ठेवलं!"

"माणूस बदलला की प्रसंग बदलतोच की, रफीकभाई."

"आन् समदे एका फोटूत आले तर?"

मी हसलो. तसं हसायला नको होतं, हे मला पुढे किल्लारीत कळलं.

आता ही तीन माणसं छायाचित्रणाच्या दृष्टीनं किती अवघड होती, ते सांगतो. सगळ्यात अवघड शेवंता आत्या. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ती सात वर्षांच्या मिलिंदला घेऊन मुखेडला आमच्याकडे आली होती, माझ्या आजारी वडिलांना भेटायला. म्हणून ते दोघं राहिले. किल्लारीतलं घर, घरातली माणसं, आत्याचे यजमान म्हणजे आमचे मामा, काहीच राहिलं नाही. आत्या तेव्हा तिशीचीही नव्हती. सगळ्यांनी सांगितलं, आता मुखेडलाच राहा. ती महिनाभर राहिली आणि एका सकाळी मिलिंदचा हात धरून किल्लारीच्या बसमध्ये चढली. "माझं गाव पडलंय, मेलं न्हाई," एवढंच म्हणाली.

पुढं सरकारकडून नवं घर मिळालं तेव्हा नोंदीसाठी दारापुढं, हातात घराच्या नंबराची पाटी धरून तिचा फोटो काढला गेला. फोटो काढून घेण्याचं तिचं सगळं शिक्षण त्या एका फोटोवर झालं! तेव्हापासून कॅमेरा दिसला की आत्या काम थांबवते, पदर सारखा करते, ताठ उभी राहते आणि दोन्ही हात छातीपाशी आणून नसलेली पाटी धरते. लग्नात नवरा-नवरीमागेसुद्धा ती तशीच उभी. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये माझी बायको ललिता लाजते आहे, मी घाबरलो आहे आणि मागे आत्या आम्हा दोघांचा नंबर दाखवते आहे.

मिलिंदची गोष्ट वेगळी. तो जीप चालवतो. समोरून ट्रक आला तरी त्याची पापणी लवत नाही, पण कॅमेरा आला की लवते. त्याच्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोंत तो पहिल्यापासून शेवटपर्यंत झोपलेला आहे.

आणि प्रज्ञा. ती बसली तरी गुडघा हलतो, गुडघा धरला तरी वेणी हलते. पोरगी हुशार. दहावी झाल्यावर डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी लातूरला क्लास लावायचं ठरलं, आणि तिच्यासोबत एक खोली करून राहायला कोण जाणार, हा प्रश्न कुणी विचारायच्या आधीच आत्यानं पत्र्याच्या पेटीत दोन पातळं, तवा आणि परात भरली होती.

दोन वर्षं आत्या लातूरला त्या खोलीत राहिली. चौथी शिकलेली ही बाई सहा महिन्यांत क्लासच्या दुनियेतली अशी काही जाणकार झाली की, जिन्यात बसून इतर पोरांच्या आयांना सल्ले देऊ लागली! मी नांदेडहून महिन्यातून एकदा भेटायला जायचो, तर भाकरी थापता थापता मलाच ऐकवायची, "सुधाकर, चुकीचं उत्तर लिवलं की मार्क कापतेत. येत नसलं तर हात लावायचा न्हाई. म्होरच्या प्रश्नावर जायाचं." एकदा प्रज्ञाला चाचणीत कमी गुण पडले आणि ती उशीत तोंड खुपसून रडत होती. आत्यानं तिला उठवलं नाही, समजावलं नाही. तिच्या शेजारी बसून तिचं फिजिक्सचं पुस्तक उघडलं आणि स्वतःच मोठ्यानं वाचायला लागली. उच्चार असे काही होते की, दोन मिनिटांत प्रज्ञा रडू विसरून चुका दुरुस्त करायला लागली आणि धडा संपेपर्यंत करतच राहिली. मी दारात उभा राहून पाहिलं. मी पंचवीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहे. एवढं चांगलं शिकवताना कुणाला पाहिलेलं नाही.

परीक्षेच्या फॉर्मसाठी प्रज्ञाचा फोटो काढायला आत्या गेली, तेव्हा फोटोवाला म्हणाला, "केस मागं घ्या, दोन्ही कान दिसले पाहिजेत." आत्या इतकी खूश झाली! महिनाभर तेच, "बघ, सरकारला बी कान पाह्यजेत." तिला कानांचं एवढं काय कौतुक, ते मला तेव्हा कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. मी मोड करण्यात गुंतलो होतो.

कारण मी ठरवलं होतं की, या तिघांचे एकदा तरी नैसर्गिक फोटो काढायचेच. मोबाइलवर एक तज्ज्ञ सांगायचा, "माणूस आपल्याच नादात असताना टिपा." मग मी आत्यासाठी सी-वन तयार केला. आवाज बंद, म्हणजे तिला खटका ऐकू जाणार नाही. बटण दाबल्यावर दहा सेकंदांनी फोटो, म्हणजे तोवर ती पाटी खाली ठेवेल! आणि मागचं सगळं धूसर, म्हणजे चेहरा उठून दिसेल. मिलिंदसाठी सी-टू : बटण दाबलं की सेकंदाला बारा फोटो. बारांत एकदा तरी डोळा उघडा सापडेल, असा माझा शास्त्रीय अंदाज. प्रज्ञासाठी सी-थ्री : सेकंदाच्या चार हजाराव्या भागात फोटो, हलायला उसंतच नाही! हे सगळं मी भर दुपारी आमच्या गच्चीवर, ललिताला उन्हात उभी करून ठरवलं आणि साठवलं.

"अहो, उन्हात ठरवलेलं सावलीत चालतं का?" ललितानं विचारलं होतं.

"तुला त्यातलं कळत नाही," मी म्हणालो. (हे वाक्य मी लिहितो आहे ते केवळ प्रामाणिकपणा म्हणून.)

प्रज्ञाला मेडिकलला प्रवेश मिळाला. आत्याच्या घरातली पहिली डॉक्टर! ती जाणार होती लांब, तीन वाजताच्या गाडीनं, आणि आत्यानं चार दिवस आधी मला स्वतः फोन केला. तिनं मला फोन करण्याची ही आयुष्यातली दुसरी वेळ.

"सुधाकर, तुझा कॅमेरा घिऊन ये. पोरगी उंबऱ्यातून निघायच्या आदी घरासमोर चौघांचा एक फोटू पाह्यजे. भित्तीवर लावायचाय. एकच पाह्यजे, पन नीट पाह्यजे."

माझा ऊर भरून आला. मी आणि ललिता किल्लारीला दुपारी एक वाजताच हजर. सत्कार झाला होता, गळ्यातले हार खुंटीला टांगले होते, बॅगा दारात होत्या. दीड वाजता चौघं घरासमोर उभी राहिली. आत्यानं नवं निळं पातळ नेसलं होतं, आणि हात छातीपाशी. मी कॅमेरा तिपाईवर चढवला, चकतीवर हात ठेवला आणि तसाच थांबलो.

ललिता कानाशी येऊन हळूच म्हणाली, "आता चकती कुणावर लावणार हो?"

दोन वर्षांत हा विचार माझ्या मनात आला नव्हता! रफीकभाईंचा चष्मा कपाळावर चढलेला मला दिसायला लागला. पण माघार कशी घ्यायची? वडीलधाऱ्या माणसापासून सुरुवात करावी, म्हणून मी सी-वन लावला आणि बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

"काढला?" आत्यानं ओठ न हलवता विचारलं.

"नाही अजून." दहा सेकंदांचं मी साफ विसरलो होतो. पुढं जाऊन भिंगात डोकावून पाहिलं, बोटानं धूळ पुसली, पुन्हा डोकावलो. आवाज तर मीच बंद केलेला! मागं येऊन पाहतो तो पडद्यावर भलीमोठी नाकपुडी. माझी.

प्रज्ञा धावत आली. "काका, ही मला पाठवा हं! फर्स्ट इयरला उपयोगी पडंल."

दुसऱ्यांदा मी मागंच उभा राहिलो आणि ओरडलो, "दहा सेकंद!" आत्यानं श्वास रोखला. सहाव्या सेकंदाला प्रज्ञाला बॅगेत चार्जर ठेवायचा राहिल्याचं आठवलं, आठव्याला मिलिंद तिला हाक मारायला वळला, आणि दहाव्याला आत्यानं श्वास सोडला. फोटोत आत्याचं नाक आणि डोळे रेखीव. बाकीचं सगळं लोण्यासारखं वितळलेलं. घराच्या नंबराच्या जागी एक पांढरा ठिपका.

आत्यानं फोटो जवळ धरून बघितला, लांब धरून बघितला.

"माझे कान कुठं गेले?"

"आत्या, ते मुद्दाम. मागचं धूसर केलं की माणूस उठून दिसतो."

"कान माझ्या माघं हायत व्हय रं? मलाच हायत की!"

मी घाईनं सी-टूवर गेलो. बटण दाबलं तशी शिवणयंत्रासारखी टर्रर्र सुरू झाली. मिलिंद त्या आवाजानंच दचकला. मीही दचकलो आणि दचकण्यात बटणावरून बोट काढायचं राहिलं. साठ फोटो! ललिता आणि प्रज्ञा डोकं लावून बघायला लागल्या.

"काका, हे पटापट फिरवलं की पप्पा हळूहळू झोपी जाताना दिसतात."

"दादा, ऱ्हाऊ दे," मिलिंद डोळे चोळत म्हणाला. "मी डोळे मिटूनच उभा ऱ्हातो. लोकं ओळखतेत मला तसं."

दोन वाजून गेले. ऊन डोळ्यांत यायला लागलं तशी आत्यानं सगळ्यांना ओसरीच्या सावलीत घेतलं. राहिला सी-थ्री. दाबला. फोटो काळा. पुन्हा दाबला. तोही काळा. कडेला फक्त आशाचे दात चमकत होते. (सांगितलं ना, ती कशातही चांगली येते.) ललितानं माझ्याकडे पाहिलं. गच्ची, ऊन, सावली, तिला कळत नसलेलं सगळं त्या एका नजरेत होतं.

"थांबा, उजेड वाढवतो!" मी बटणं दाबदाबून सगळं जुळवलं. तेवढ्यात शेजारची बाई प्रज्ञाच्या हातात शेंगदाण्याचे लाडू द्यायला आली. तिचे लाडू, तिचा आशीर्वाद, तिच्या जावयाची चौकशी, असं सगळं होईस्तोवर कॅमेरा झोपला. जागा केला तर गडी पुन्हा गच्चीवरच्या उन्हात! साठवलेला मोड झोपेतून उठला की मधलं सगळं विसरतो आणि मूळ पदावर येतो, हे पुस्तिकेत होतं म्हणे. मी पुन्हा जुळवलं. आत्यानं आशाचा पदर सारखा केला, कॅमेरा झोपला. पुन्हा जुळवलं. मिलिंद जीपची किल्ली शोधायला गेला, कॅमेरा झोपला. अडीच वाजले. स्टँडवर पोचायला जीपला पंधरा मिनिटं.

"मम्मी, डबा घे," प्रज्ञा म्हणाली. आवाज जरा वेगळा होता. आशानं बॅग उचलली. मिलिंदनं जीप सुरू केली.

"आत्या," मी म्हणालो, "दिवाळीला येईल ना ती. तेव्हा अगदी निवांत..."

आत्या ओसरीच्या पायरीवर बसली. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"सुधाकर, लातूरला गेलो तवाच आपल्या परग्यानं इचारलं, आजोबा कसे दिसायचे गं? मी म्हनलं, तुझ्या बापासारखे. नाक सांगितलं, उंची सांगितली, हसनं सांगितलं. मग ती म्हनली, आन् कान? मला येईना. आठ वर्स संसार केला, आन् कान आठवंना. एक फोटू न्हाई बग त्येंचा. मातीत गेले समदे." तिनं पातळाची निरी झटकली. "मला हसता फोटू नको, नादात असलेला नको. मानूस वळकू आला पाह्यजे. दोन कान, दोन पाय, घराचा लंबर. बास."

दोन वर्षं मी या बाईच्या हातातली पाटी काढून घ्यायच्या मागे लागलो होतो.

आत्या उठून कॅमेऱ्याजवळ आली. चकतीवर बोट ठेवलं. "ह्ये हिरवं काय हाय?"

"ते काही नाही आत्या. ज्यांना काहीच येत नाही, त्यांच्यासाठी असतं. कॅमेराच सगळं ठरवतो."

"मंग तुला चालंल की!"

ललिता पदरात तोंड लपवून बाजूला झाली. मी मुकाट्यानं चकती हिरव्यावर नेली. आत्यानं ओसरीवरून हुकूम सोडायला सुरुवात केली. मिलिंदला जीप बंद करायला लावून नंबराच्या एका बाजूला उभं केलं. प्रज्ञाचे केस स्वतः कानामागं खोचले आणि तिचा हात असा घट्ट धरला की, गुडघा काय, वेणीसुद्धा हलली नाही. मग मिलिंदकडे वळली.

"समद्यांनी डोळे मिटा. मी तीन म्हनलं की उघडा. सुधाकर, तू मिटू नको!"

चौघांनी डोळे मिटले. अंगणात एकदम शांत झालं. आत्यानं एक, दोन मोजलं, आणि तीनला चार जोडी डोळे एकदम उघडले. मिलिंदचेसुद्धा! नुकतेच मिटून झाल्यामुळे त्यांना पुन्हा मिटायचं सुचलंच नाही. आता हे कुठल्या पुस्तिकेत लिहिलेलं नाही, कुठल्या तज्ज्ञानं सांगितलेलं नाही. मी बटण दाबलं. एकदाच.

आत्यानं फोटो पाहिला. बोट ठेवून मोजलं : आठ कान, आठ पाय, घराचा नंबर. मग नातीच्या चेहऱ्यावरून एकदा बोट फिरवलं आणि म्हणाली, "जा आता. गाडी चुकंल."

गाडी चुकली नाही. स्टँडवर बस हलली तेव्हा आम्ही सगळे रडलो. आत्या रडली नाही. ती खिडकीशी प्रज्ञाला सांगत होती की, पहिल्या परीक्षेत येत नसेल ते सोडून द्यायचं.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी मी किल्लारीला गेलो. फोटो मोठा करून भिंतीवर लावला होता. चौघं ताठ, समोर बघणारी, कुणी हसत नाही, आणि तरीही त्या फोटोसमोरून मला लवकर हलता येईना. आत्याचे हात पुन्हा छातीपाशीच होते, पण या वेळी त्यात प्रज्ञाचा हात होता.

गावातली एक बाई बसायला आली होती. तिनंही फोटो न्याहाळला. "लई झ्याक निघालाय की! कुनी काढला?"

"ह्यो काय, आमच्या सुधाकरनं," आत्या म्हणाली, आणि मी नम्रपणे खाली पाहिलं.

"कलाकारच हायत म्हना की!"

"न्हाई गं," आत्या चहा गाळता गाळता म्हणाली, "गाडीची घाई व्हती म्हून निघाला. येळ असता तर बिघडवला असता."